कोंडाऊची पावलं

अण्णांनी पाकीट फोडलं, चष्मा लावला, पहिला परिच्छेद वाचला आणि गरम तव्याला बोट लागावं तसा तो लेख टेबलावर पालथा टाकला.

"पुंडलिक, इकडे ये. इथे बस."

"कुठे?"

"इथे, माझ्या खुर्चीत. आणि हे कागद तुझ्याकडे घे. मला दाखवू नकोस, मी मागितले तरी देऊ नकोस."

मी तेव्हा हायस्कुलात मराठी शिकवत होतो. शाळा सुटली की राममंदिराच्या ओवरीतल्या आमच्या इतिहास मंडळाच्या खोलीत यायचं आणि 'तीरवेध' त्रैमासिकाचं सहसंपादकपण करायचं, हा माझा नेम. अण्णा वझरकर संपादक. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, कृष्णाकाठच्या देवळांचा दगड न् दगड पालथा घातलेला माणूस. त्यांच्या खुर्चीत बसायचं म्हणजे देवाच्या चौरंगावर पाय ठेवण्यासारखं. मी उभाच राहिलो.

"झालंय काय, अण्णा?"

"लेख माझ्यावर आहे. कोंडाऊच्या पावलांवर. पहिल्या परिच्छेदातच माझं नाव आलंय, पुढचं मी वाचलेलं नाही. आता हा लेख घ्यायचा की नाही, कुणाकडे तपासायला पाठवायचा, कधी छापायचा, सगळं तू ठरवायचंस. नियम काय सांगतो?"

नियम त्यांनीच केलेले होते. आमच्यासारख्या गावातल्या नियतकालिकाला कसले नियम, म्हणून लोक हसायचे. अण्णांनी मात्र ते छापून भिंतीवर लावले होते. लेखकाच्या नावाचं पान काढून लेख बाहेरगावच्या दोन जाणकारांकडे जाईल. स्वीकारलेले लेख क्रमाने छापले जातील, वशिल्याने पुढे नाही आणि भीतीने मागे नाही. आणि ज्याच्या लिखाणाबद्दल वाद आहे, त्याने त्या लेखाच्या वाटेला जायचं नाही, मग तो संपादक का असेना.

"पण अण्णा," मी म्हणालो, "तो लेख म्हणजे तुमचा..."

"म्हणूनच," अण्णा म्हणाले आणि चपला घालून चहाच्या टपरीवर गेले.

अण्णांचा तो जुना लेख काय होता, हे सांगायला हवं. आमच्या मांडवघाटावर पायऱ्यांच्या शेवटी एक दगडी चौथरा आहे. त्यावर दोन लांबट खळगे. अण्णा तरुण असताना कार्तिकातल्या उत्सवाचं कीर्तन ऐकून संध्याकाळी घाटावर उतरले. पायऱ्यांवर पणत्या लागलेल्या, खळग्यांत पाणी साचलेलं, त्यात पणत्यांचा उजेड हलतोय. अण्णांना तिथे पावलं दिसली. बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांत एका कोंडाऊचं नाव येतं, यात्रेकरूंना घागरीने पाणी पाजणारी भक्तीण. अण्णांनी तिची आणि चौथऱ्याची सांगड घातली. ही कोंडाऊची समाधी आणि ही तिची पावलं. दोन पावलांमध्ये अंतर ढांगेपेक्षा जरा जास्त होतं. अण्णांनी लिहिलं, ही उभ्या राहिलेल्या संताची नव्हेत, चालत्या संताची पावलं आहेत.

त्या जास्तीच्या अंतरात आमच्या नरहरबुवा कोळेकरांनी अख्खं आख्यान बसवलं. बुवा मोठे हरदास. उत्तररंगात ते कोंडाऊला अशी पळवायचे! उन्हाने मूर्च्छित पडलेला वाटसरू, खांद्यावर भरली घागर, आणि ती म्हातारी घाटावरून धावतेय, एक पाऊल इथे तर दुसरं पाऊल तिथे. दगडसुद्धा विरघळला आणि त्याने ती पावलं धरून ठेवली! इथे बुवा चिपळ्या थांबवायचे आणि सभामंडपात नाक ओढल्याचे आवाज यायचे. उत्सवात बुवांच्या मागे पेटीवर मी असायचो. किती वर्षं वाजवलं ते आख्यान, पण त्या जागेला मी दर वेळी डोळे मिटून घ्यायचो. त्या चौथऱ्यावर फुलं वाहूनच आमच्याकडे नवी सून पहिली घागर भरायची.

आणि आता लेखाची पहिली ओळ मला सांगत होती, की हा चौथरा जकातीचा आहे.

खरंच तसं होतं. कऱ्हाडच्या कॉलेजातल्या डॉ. तनुजा इंगवले या बाईंनी नदीकाठचे असेच आणखी तीन चौथरे शोधले होते. घाटाला लागलेल्या होड्यांतला माल तिथे तोलून जकात घेत. खळगे म्हणजे मोठ्या तराजूचे दोन खांब रोवायच्या खाचा. त्यांनी आमच्या चौथऱ्यावरची एक खाच रीतसर परवानगी काढून उकरली आणि मोजून पुन्हा बुजवली होती. पुराचा गाळ, गुलाल, कुजलेली फुलं यांनी ती भरत आली होती, म्हणून उथळ दिसायची. आत हातभर खोल होती. लेख वाचून मी डोक्याला हात लावला. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

मी नावाचं पान काढलं आणि लेख एका जाणकारांकडे पुण्याला, दुसऱ्यांकडे धारवाडला पाठवला.

पुढचे दिवस अण्णांचे हाल बघवत नव्हते. खोलीत यायचे, टपालाकडे बघायचे.

"आलं का रे धारवाडहून काही?"

"आलं, अण्णा."

"काय म्हणता— नको नको, बोलू नकोस!" आणि स्वतःच्याच तोंडावर चापट मारून ओवरीत जाऊन बसायचे. तिथून थोड्या वेळाने आवाज यायचा, "पाकिटावर नाव होतं त्या बाई काय करतात? शिकवतात का? नको, तेही सांगू नकोस."

एकदा मी लेख टेबलावर ठेवून विडी ओढायला बाहेर गेलो. परत येऊन बघतो, तर अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"उघडा टाकून जातोस? म्हाताऱ्याची परीक्षा बघतोस?"

दोन्ही जाणकारांनी लेख घ्यावा म्हणून लिहिलं. मी लेख स्वीकारला. क्रमाने तो उत्सवाच्या आधीच्या अंकात येत होता. ही बातमी नरहरबुवांना कुठून लागली देव जाणे. ते मंडळाचे उपाध्यक्षही होते. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या फाटकाशी गाठलं त्यांनी मला.

"काय पेटीवाले, सूर बदललात म्हणे!"

"बुवा, मी काय केलं?"

"जकात नाका! अहो, माझ्या आईने मरताना त्या चौथऱ्यावरचं फूल मागितलं होतं. तिने जकात नाक्याचं फूल हुंगत प्राण सोडला का?"

बुवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गळा मऊ केला, कीर्तनात देवाची विनवणी करताना करतात तसा.

"मी छापू नका म्हणत नाही. उत्सव होऊ द्या. त्याच्या पुढच्या अंकात घ्या. एका अंकाने इतिहास काही पळून जात नाही. नाहीतर असं करा, तिसऱ्या कुणा जाणकाराला दाखवा. जरा कडक माणूस बघा. माझ्या ओळखीचे आहेत सांगलीला."

"दोघांनी एकमताने लिहिल्यावर तिसरा कशाला, बुवा?"

"अण्णांसाठी हो! त्यांच्या आयुष्यातलं एवढं एकच लिखाण लोकांच्या तोंडी आहे. ते तुम्ही त्यांच्याच अंकात पुसणार? त्यांच्याच खुर्चीत बसून?"

हे मात्र वर्मी बसलं. घरी आलो तर घास उतरेना. एक अंक पुढे ढकलायचा, त्यात काय मोठं? कुणाला कळणारही नव्हतं. उत्सव झाला असता, आख्यान झालं असतं, मीही डोळे मिटून एकदा शेवटचं वाजवलं असतं. देवासमोर बसलो, तर देव काही बोलेना. शेवटी ठरवलं, अण्णांनाच विचारू. लेखाबद्दल नाही, फक्त तारखेबद्दल.

अण्णा घरी नव्हते. काकू म्हणाल्या, "रोज संध्याकाळी घाटावर जातात हल्ली. आज तर माडीवरचा कपडे वाळत घालायचा बांबू घेऊन गेलेत. तूच बघ बाबा काय ते."

मला वाटलं, अण्णा उत्तर लिहिण्याच्या तयारीत आहेत, पुरावे जमवतायत. नियमाप्रमाणे त्यांना उत्तराचा हक्क होताच. आता इंगवलेबाई एकीकडे आणि अण्णा दुसरीकडे, आणि मधे मी.

घाटावर उतरलो, तर अण्णा चौथऱ्यावर पालथे पडलेले! सदरा चिखलाने भरलेला, एक हात खाचेत. मी धावलो.

"अण्णा! पडलात का?"

"पडायला काय झालंय? धर तो बांबू."

"अण्णा, तुम्ही या प्रकरणात..."

"लेख वाचायचा नाही असा नियम आहे. घाटावर यायचं नाही असा नियम नाही. लेखकाने काय लिहिलंय मला ठाऊक नाही. पण या पावलांवर कुणीतरी शंका घेतलीय, एवढं तर त्या पहिल्या परिच्छेदात वाचलं ना मी? मग माझी मीच शंका फेडायची की नाही?"

त्यांनी खाचेतून शेवटची मूठभर माती काढली. गुलालाने लाल झालेली, ओली माती. मग कोपरापर्यंत हात घालून मला दाखवला.

"हे बघ. पाऊल केवढं खोल असतं रे?"

त्यांनी बांबू माझ्या हातातून घेतला आणि खाचेत सोडला. तो खट्‌कन तळातल्या खोबणीत बसला आणि उभा राहिला. सरळ, ताठ. आम्ही दोघांनी हात काढले, तरी उभाच. नदीवरून वारा येत होता, पण बांबू हलला नाही.

अण्णांनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. त्यांचा चेहरा बघायचं मला धाडस झालं नाही. मग त्यांच्या पोटातून घुसळल्यासारखा आवाज आला आणि मला वाटलं, आता हे रडतात. तर अण्णा हसत होते. चिखलाचे हात गुडघ्यांवर मारून मारून हसत होते.

"अरे पुंडलिका! जकातीचे खांब रे! मी पावलं म्हणून यांच्यावर डोकं ठेवलंय! कारकुनाच्या तराजूवर!"

"तुम्हाला कसं कळलं जकातीचे ते?"

"खांब दोन, मधे चौथरा, खाली नावा लागायची जागा. याला काय विद्या लागते? तेव्हा हात घातला नाही, एवढंच. कीर्तनातून उठून आलो होतो ना. डोळ्यांत कोंडाऊ भरलेली. मला पावलंच दिसायची होती."

मग ते पायरीवर बसले, पाय पाण्यात सोडले आणि म्हणाले, "चल, मला उत्तराचा हक्क आहे ना? उद्या सांगतो, ते लिहून घे." तारखेचं विचारायचं मग कारणच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. जेमतेम सहा-सात ओळी. 'मांडवघाटावरील चौथऱ्याविषयी मी पूर्वी लिहिलेला लेख मागे घेत आहे. चौथऱ्यावरील खळगे पावले नाहीत. ते तपासून न पाहता मी निष्कर्ष काढला. पुढील अभ्यासकांनी माझ्या त्या लेखाचा आधार घेऊ नये.'

"शेवटच्या पानावर घेऊ का, अण्णा? बारीक टाईपात?"

"माझा लेख कुठे छापला होता?"

"पहिल्या पानावर."

"मग?"

एवढ्यात दारात नरहरबुवा. त्यांनी शेवटची वाक्यं ऐकली असणार. उपरणं सावरत आत आले, माझ्या पुढ्यातला कागद वाचला आणि मटकन बसले.

"अण्णा, हे काय आरंभलंत? मी तुमच्यासाठी भांडतोय आणि तुम्हीच?"

"बुवा, बरं झालं आलात. तुमच्याकडेच येणार होतो. आमचा अंक जातो तीन-चारशे घरांत. त्यातही निम्मे लोक वेष्टन फोडत नाहीत. माझी चूक पसरली ती तुमच्या गळ्यातून. तुम्ही इतकं गोड गायलात, की पार कोल्हापूरपर्यंत पोचली. आता दुरुस्तीही तिथूनच पोचायला हवी. उत्सवाच्या कीर्तनात तेवढं सांगून टाका."

बुवांचा चेहरा लालबुंद झाला. "कीर्तनात शुद्धिपत्र? हरदासाच्या गादीवर उभा राहून मी मुद्रणदोष वाचून दाखवू? अण्णा, तुम्ही विद्वान, पण हे अति झालं!" आणि चपलासुद्धा न घालता निघून गेले. आम्ही चपला त्यांच्या घरी पाठवून दिल्या.

अंक वेळेवर निघाला. पहिल्या पानावर अण्णांचं निवेदन, त्याच्यामागे इंगवलेबाईंचा लेख. अण्णांनी तो छापून आल्यावरच वाचला, एका बैठकीत, आणि बाईंना फोन करून म्हणाले, "बाई, तिसऱ्या चौथऱ्याचं मोजमाप फार सुरेख. उत्सवाला या. कदाचित लोक तुम्हाला मारतील, पण कीर्तन चांगलं असतं."

बाई आल्या खऱ्या. निळी साडी, काखेत पिशवी, बायकांमध्ये अगदी कडेला अंग चोरून बसल्या. अण्णा पुढे, खांबाला टेकून. सभामंडप भरलेला. बुवा त्या भांडणापासून कुणाशी बोलले नव्हते. मी पेटी उघडली आणि हळूच विचारलं, "बुवा, आज आख्यान कुठलं?"

"काळी चार धरा," बुवांनी नुसती पट्टी सांगितली.

पूर्वरंग नेहमीसारखा झाला. मध्यंतरात अण्णांनी बुवांना हार घातला, बुक्का लावला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मग उत्तररंग सुरू झाला आणि बुवांनी पहिलीच ओळ घेतली ती कोंडाऊची. लोक सरसावून बसले. म्हणजे बुवा ऐकणार नव्हते तर. अण्णांनी डोळे मिटले. म्हातारी घागर भरतेय, वाटसरू पडलाय, ती धावतेय, माझी बोटं आपोआप त्या जागेकडे निघाली, चिपळ्या थांबल्या.

"आणि मंडळी," बुवा गद्यात म्हणाले, "इथे मी दर वर्षी पावलं सांगतो. ही पावलं आपल्या अण्णांनी शोधली. आता अण्णांनीच छापून कळवलंय, की ती पावलं नव्हेत. जकातीच्या तराजूच्या खाचा आहेत."

मंडपात एकच गलका. मागून कुणी ओरडलं, "बुवा, काय बोलताय हे!"

"मीसुद्धा हेच म्हणालो! रागारागाने घरी गेलो, चपला विसरलो. जेवण गोड लागेना. मग म्हटलं, नरहर, अण्णांनी हात घातला, त्या बाईंनी घातला, तू नुसता गळाच घालतोस. गेलो घाटावर, बाही वर केली, घातला हात. मंडळी, कोपरापर्यंत गेला! कोंडाऊचं पाऊल एवढं खोल रुतत असेल, तर ती पाणी वाहत नव्हती, विहीर खणत होती म्हणायची!"

मंडपात हशा पिकला. ओरडणाराही हसला. मी हसताना भाता सोडला आणि पेटी कण्हली.

"इंगवलेबाई आल्यात का?" बुवांनी विचारलं. सगळ्या माना वळल्या. बाई कशाबशा उभ्या राहिल्या. "घाबरू नका, माझ्या लेकीसारख्या तुम्ही. एकच सांगा. चौथरा जकातीचा, मान्य. पण कोंडाऊ होऊन गेली की नाही?"

बाईंनी पदर बोटाला गुंडाळला. खोटं बोलून सुटता आलं असतं. शेकडो डोळे 'हो' ऐकायला टपलेले होते.

"मला माहीत नाही, बुवा," त्या म्हणाल्या. "ओव्यांत नाव आहे. त्याच्या पलीकडे पुरावा मिळालेला नाही. नव्हती असं म्हणायलाही पुरावा नाही."

बुवांनी चिपळ्या कपाळाला लावल्या.

"ऐकलंत? 'मला माहीत नाही.' एवढी वर्षं या गादीवर उभा आहे, माझ्या तोंडून हे शब्द कधी निघाले नाहीत. बसा बाई. तुमच्या विद्येला माझा नमस्कार." मग लोकांकडे वळून आवाज चढवला. "आता पुढचं सांगतो, ते माझं. छापलेलं नाही, कुणी तपासलेलं नाही, पटलं तर घ्या. म्हातारी धावली, वाटसरूच्या तोंडाला घागर लावली, घागर रिती झाली. मग ती पुन्हा भरायला गेली. दगडावर पाऊल उमटवायला तिला सवड कुठली? पाणी पाजणारीचं मागे काय उरतं? समाधी नाही, नाव नाही. प्यायलेल्याचा जीव तेवढा उरतो. मंडळी, आपण सगळे कुणीतरी पाजलेल्या पाण्यावरच इथे बसलोय!"

आणि बुवांनी गजर असा उचलला, की मला पट्टी सापडेना. बायका उठून टाळ्या वाजवत होत्या. इंगवलेबाईंच्या शेजारच्या आजींनी त्यांचा हात धरून वर केला, तशा त्याही टाळ्या वाजवू लागल्या, ताल चुकवत. मी त्या जागेला आजवर इतकं वाजवलं, पण तसं रडू मला कधी आलं नव्हतं.

आरती झाली. अण्णा बुक्क्याची वाटी घेऊन फिरत होते. बुवांना लावला आणि दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले, हार मधे चुरगळला. मग अण्णा माझ्याकडे आले. डोळे अजून वाहत होते, चष्मा हातात. माझ्या कपाळावर बुक्क्याचं बोट ओढलं आणि कानाशी वाकून म्हणाले, "काय सुंदर बोलले रे बुवा! असं ऐकायला मिळालं, भाग्य आपलं."

"खरंय, अण्णा."

"पण कशालाच आधार नाही हं त्यातल्या," अण्णा म्हणाले. "अंकात घेऊ नकोस."